कुर्ल्याचे बंपरवाले

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेचा जिना उतरून बाहेर आले, की माणूस आधी गर्दीत हरवतो आणि मग रिक्षावाल्यांना सापडतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या कचेऱ्यांकडे निघालेली मंडळी भागीच्या रिक्षांत कोंबली जातात आणि दिसेनाशी होतात. आम्हां मास्तरमंडळींची वाट थोडी निराळी. ती कालिन्याला, विद्यापीठाच्या आवाराकडे जाते. कधी ग्रंथालय, कधी एखादी बैठक, कधी नुसतीच एका सहीसाठी खेप. गेली अठरा-वीस वर्षे मी या वाटेने जा-ये करतो आहे. हिला सी. एस. टी. रोड म्हणतात.

या तीन अक्षरांची एक गंमत आहे. बोरीबंदराच्या स्थानकाला १९९६ साली छत्रपतींचे नाव मिळाले, तेव्हापासून पुष्कळांचा समज असा, की हा रस्ता त्या स्थानकाकडे जात असावा. वास्तविक तो जातो नेमका उलट दिशेला. सी. एस. टी. म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. तुर्भ्याहून, म्हणजे आजच्या ट्रॉम्बेहून, कुर्ल्यावरून अंधेरीला जाणारी आठ-एक मैलांची एक आगगाडी १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंदही पडली. सहा वर्षांचे आयुष्य! रूळ गेले, गाडी गेली, तिला पाहिलेली माणसे गेली. रस्त्याच्या पाटीवर तिची आद्याक्षरे तेवढी राहिली. कुर्ला हे नाव 'कुर्ली' या खेकड्याच्या जातीवरून पडले असे म्हणतात. खेकडेही आता दिसत नाहीत. मुंबईत नाव टिकते आणि वस्तू जाते, हे जणू ठरूनच गेले आहे.

पण मला सांगायचे आहे ते या रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका धंद्याविषयी. मिठी नदीच्या पुलाच्या आगेमागे दोन्ही बाजूंना मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. दुकाने म्हणजे आठ-दहा फुटांचे गाळे. आत दिवे, आरसे, दारे, सीटा, चाके यांची छतापर्यंत रास, आणि बाहेर, कासाराच्या दुकानाबाहेर कळश्या टांगाव्यात तसे टांगलेले बंपर. पांढरे, लाल, चंदेरी, काळे. मोटारीपासून वेगळा काढलेला बंपर ही मोठी विलक्षण वस्तू दिसते. एखाद्या माणसाची जिवणी तेवढी काढून खुंटीला अडकवावी तसे. पावसाळ्यात वाऱ्यावर ते हलतात आणि एकमेकांवर आपटून पोकळ, हलका आवाज करतात. लोखंडाचा आवाज असा नसतो.

लोखंडाचा उल्लेख उगाच केला नाही. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना याच कुर्ल्यात होता. जिने दोन पिढ्यांना फिरवले ती फियाट, पुढची पद्मिनी, इथलीच. कारखान्याच्या जागी आज कोहिनूर सिटी नावाची टोलेजंग वसाहत उभी आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने पद्मिनी बरीच वर्षे तग धरून राहिली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ ला तिची शेवटची टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्या गाडीचा बंपर पोलादी पट्टीचा, वर चकचकीत मुलामा. तो वाकला, तर डेंटर त्याला ऐरणीवर घेई, मागून ठोके देई आणि पुन्हा सरळ करी. पत्र्याला ठोकता येते. मागच्या पिढीच्या कारागिराचे सारे शहाणपण त्या ठोक्यात होते. मग मोटारी बदलल्या, पुढचे-मागचे तोंड प्लॅस्टिकचे झाले, आणि प्लॅस्टिकला हातोडी चालेना. ठोके मारले तर ते चरकन फाटते. जुन्या डेंटरांपैकी काहींनी हात जोडले. काहींनी हातोडी ठेवून हातात झारी घेतली. झारी म्हणजे गरम वारा सोडणारे विजेचे यंत्र. त्याला इथे 'गन' म्हणतात. या रस्त्यावरचे बंपरवाले हे त्यातलेच.

मी ज्यांच्याकडे थांबतो त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे. मूळ गाव प्रतापगढच्या बाजूचे. तीसएक वर्षे कुर्ल्यात काढली. मराठी समजते, बोलताना अर्ध्या वाटेवर हिंदी होते. पहिल्या खेपेला मी नुसताच उभा होतो. त्यांनी वर न पाहता विचारले, "कौनसी गाडी?" मी म्हणालो, "गाडी नाही, असाच बघतोय." यावर त्यांनी वर पाहिले आणि रंगाचा एक पालथा डबा पायाने माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून तो डबा माझा. मराठी शिकवतो हे कळल्यावर ते मला 'मास्टरजी' म्हणू लागले.

माझ्या धंद्याला धरून पहिली शंका मी शब्दाची काढली. या रस्त्यावर बंपरला सर्रास 'फायबरचा' म्हणतात. "फायबर तुटला", "फायबर जोडून मिळेल". वास्तविक त्यात फायबर, म्हणजे तंतू, बहुधा औषधालाही नसतो. आजच्या बहुतेक बंपरांचे द्रव्य म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. घरातल्या बादलीच्या, डब्यांच्या कुळातले. इटलीतले रसायनज्ञ जूलिओ नाट्टा यांनी १९५४ साली ते नीट जुळवून तयार केले, आणि १९६३ साली कार्ल त्सीग्लर यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नुसते पॉलिप्रॉपिलीन थंडीत ठिसूळ होते, म्हणून त्यात एक प्रकारचे रबर मिसळतात, आणि ताठपणा यावा म्हणून शंखजिऱ्याची भुकटी. कॅरमच्या फळीवर टाकायचे ते शंखजिरे! बंपर उलटा करून पाहिला, तर आतल्या अंगाला हे सारे बारीक इंग्रजी अक्षरांत उमटवलेले असते. मिश्रणात भुकटी शंभरात किती, तेही.

मग 'फायबर' कुठून आले? तर खऱ्या फायबरच्या मोटारीही आपल्याकडे होऊन गेल्या. बंगळूरच्या सिपानींची डॉल्फिन १९८२ च्या सुमारास आली, तिचे अंग काचतंतूंचे होते. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची टुमदार मोटार बनत असे, तीही तसलीच. काचेच्या धाग्यांची चटई राळेत भिजवून थरावर थर चढवायचे, राळ कडक झाली की पत्र्यासारखे कवच तयार. गोव्या-कोकणातल्या फायबरच्या होड्या अशाच होतात. धातू नाही आणि तरी टणक आहे अशा प्रत्येक वस्तूला मग कारागिरांनी फायबर म्हणून टाकले. मी उस्तादांना हा भेद सांगू लागलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मास्टरजी, नाम कुछ भी हो. गलता है कि नहीं गलता, इतनाही सवाल है."

एका वाक्यात त्यांनी सगळे शास्त्र सांगितले. प्लॅस्टिकच्या जाती दोनच. एक तुपासारखी: तापवली की पातळ, निवली की घट्ट, पुन्हा तापवा, पुन्हा पातळ. दुसरी इडलीसारखी: एकदा शिजली की संपले, तिचे पुन्हा पीठ होत नाही. बंपर पहिल्या जातीचा. फुटला तर त्याला त्याच्याच जातीच्या वितळलेल्या पट्टीने सांधता येते. तो सांधा म्हणजे डिंकाने चिकटवलेला जोड नसून एकजीव झालेला पदार्थ असतो. काचतंतूंचे काम दुसऱ्या जातीचे. ते वितळत नाही. तिथे फाटलेल्या भागाच्या कडा तासून उतरत्या करायच्या आणि नव्या चटईचे नवे थर राळेने बसवायचे. ही म्हणजे गोधडीला ठिगळ लावण्याची विद्या. दोन्हींत घोटाळा केला, बंपरवर राळ थापली, की ती महिना-दोन महिन्यांत खपली निघाल्यासारखी निघून येते. कारण पॉलिप्रॉपिलीनला काहीच धड चिकटत नाही. त्याचा पृष्ठभागच तसा, अळवाच्या पानासारखा. रंगसुद्धा आधी खास अस्तर दिल्याशिवाय त्यावर ठरत नाही.

शिजून घट्ट होणाऱ्या जातीची सर्वांत नावाजलेली मोटार मात्र आपली नव्हे. पूर्व जर्मनीतल्या त्स्विकाऊ गावी १९५७ पासून १९९१ पर्यंत ट्राबांट ही मोटार बनत होती. पोलादी पत्र्याची टंचाई, म्हणून तिचे बाह्यांग फेनॉलच्या राळेत कापसाचे टाकाऊ तंतू दाबून तयार करीत. तीस लाखांवर गाड्या अशा निघाल्या. ते अंग गंजत नसे. पण आपटले तर वाकण्याऐवजी फुटे, आणि फुटलेले वितळवून सांधण्याची सोयच नव्हती. उस्तादांना हे सांगितले तेव्हा त्यांना कापसाचे नवल वाटले नाही. त्यांनी विचारले, "फिर उधर का कारीगर क्या करता था?" मी म्हणालो, राळ, कापड आणि ठिगळ. त्यांनी समाधानाने मान हलवली. पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे ठिगळच आहे, असा काहीसा तो भाव होता.

आता त्या दुपारची हकीगत सांगतो. मार्च महिना. ऊन असे की रस्त्यावरच्या उड्डाणपुलाच्या सावलीचीही किंमत कळावी. एक पांढरी भाडोत्री मोटार गाळ्यासमोर येऊन थांबली. पुढचा बंपर डाव्या अंगाला फाटून लोंबत होता आणि काथ्याने बांधला होता. चालक खटाव तालुक्यातला, तिशीचा. मोटार त्याची स्वतःची, पण अजून हप्त्यावर. सकाळी सायन-पनवेल रस्त्यावर पुढच्या टेम्पोने कचकन ब्रेक दाबला, आणि हा त्याच्या मागच्या कडीवर गेला. संध्याकाळी सहाला विमानतळाचे भाडे ठरलेले.

"नवा घातला तर रंगासकट आठ-नऊ हजार सांगत्यात, सर," तो मलाच सांगू लागला; मी डब्यावर बसलो होतो म्हणून त्याला मी दुकानापैकी वाटलो असेन. "आणि इन्शुरन्समध्ये प्लॅस्टिकचे निम्मेच पैसे धरत्यात."

हे त्याचे म्हणणे खरे आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटारविम्यात रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात. काचतंतूंच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. घसारा न कापणारा विमा मिळतो, पण त्याचा हप्ता जास्त. शिवाय एकदा भरपाई मागितली, की पुढल्या वर्षीची हप्त्यातली सवलत जाते. तेव्हा हजार-दोन हजारांच्या कामासाठी कोणी विम्याच्या वाटेला जात नाही. उस्तादांचे गिऱ्हाईक मुख्यत्वे या हिशेबातून आलेले असते.

उस्तादांनी पंधराशे सांगितले, तेराशेला ठरले. रंगाचे निराळे. बंपर काढला आणि फरशीवर पालथा घातला. त्यांच्या हाताखालच्या पोऱ्याने साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुतला. चिखल किंवा तेलाचा अंश राहिला तर सांधा कच्चा. मग जात ओळखणे आले. आतल्या अंगावरची अक्षरे नेमकी फुटलेल्या जागी गेली होती. उस्तादांनी सुरीने एक सालपट काढून काडीने पेटवले. धूर पांढुरका, वास विझलेल्या मेणबत्तीचा. काळा, काजळी धरणारा धूर आणि गोडसर उग्र वास आला असता, तर ते निराळे प्लॅस्टिक. स्कूटरींच्या अंगाला असते तसले. पोऱ्याला बादलीची परीक्षा आवडते: सालपट पाण्यात टाकायचे, तरंगले तर पॉलिप्रॉपिलीन. पण शंखजिऱ्याची भुकटी वीस टक्क्यांपर्यंत गेली की तेही बुडते. म्हणून उस्ताद पाण्यापेक्षा नाकावर भरवसा ठेवतात.

पहिला शेक. गरम वारा आतल्या अंगाने, हात सतत हलता ठेवून, दिला. चेपलेला भाग हळूहळू आपण होऊन परत येऊ लागला. प्लॅस्टिकला आपला मूळ आकार आठवतो, ही काही अलंकारिक भाषा नव्हे. साच्यातून जो आकार घेऊन ते बाहेर पडले, ऊब मिळाल्यावर ते पुष्कळसे त्याकडेच वळते. जिथे अडले तिथे लाकडी मुठीने दाबले आणि वर ओले फडके ठेवले. मग भेगेच्या टोकाला गिरमिटाने एक बारीक भोक पाडले. मला ते उलटेच वाटले. फुटलेल्याला आणखी भोक? उस्ताद म्हणाले, "दरार को रास्ता दिखाया. इधर आके रुक जायेगी." भेगेच्या टोकाशी सगळा ताण एका बिंदूवर येतो, म्हणून ती पुढे धावते, गोल भोकाने तो ताण पसरतो. विमानांच्या पत्र्यावर पूर्वापार हीच युक्ती करत आले आहेत.

भेगेच्या दोन कडा बाहेरून चिकटपट्टीने जुळवल्या. आतून भेगेवर इंग्रजी 'व्ही'सारखी चर पाडली, जाडीच्या निम्म्याइतकी. बंपरची जाडी असते ती केवढी, तर जेमतेम तीन मिलिमीटर. आता विजेची डागणी आली. उस्ताद तिला 'कइया' म्हणतात. डाव्या हातात पट्टी, दुसऱ्या एका भंगार बंपरातून कापलेली, त्याच जातीची. पट्टीचे टोक आणि चरीच्या कडा एकदमच मऊ व्हायला हव्यात. नुसती पट्टी वितळून कडांवर पडली तर ते काम दिसते छान आणि टिकत नाही. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या थोडे वर वितळते. फार तापले तर ते जळते, पिवळे पडते, आणि धूर येतो. धूर आला की उस्ताद पोऱ्याकडे नुसते बघतात.

आपल्याकडे चरवीला, कळशीला डाग देणारे दारावर येत, त्यांची मला आठवण झाली. तीच बैठक, तीच मान तिरपी करून बघण्याची लकब. शब्दही सापडतो: डाग देणे. वस्त्राचा डाग हा कलंक, आणि भांड्याचा डाग ही दुरुस्ती. आमच्या भाषेने एकाच शब्दात दोन्ही ठेवले आहेत, हे मी वर्गात सांगतो तेव्हा पोरे हसतात. कळशी कोणी पाहिलेली नसते.

चर भरल्यावर जाळी. पोलादाची, न गंजणारी, पिठाच्या चाळणीइतकी बारीक. भेगेवर आडवी ठेवून डागणीने ती प्लॅस्टिकात बुडवायची आणि वरून पुन्हा पट्टी वितळवून झाकून टाकायची. सिमेंटात लोखंडी सळई घालतात त्यातला प्रकार. सांधा ओढाताणीत उघडू पाहील तर जाळी धरून ठेवील. कोपऱ्यावरचा बंपर गाडीला अडकवण्याचा कान तुटून कुठेतरी सायनच्या रस्त्यावर पडला होता. तो तर उस्तादांनी नवाच केला: जाळी दुमडून कानाचा आकार दिला, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक चढवले, थंड झाल्यावर कानशीने घासला, उजव्या अंगाच्या साबूत कानाशी ताडून पाहिला आणि बोल्टाचे भोक पाडले. या कानाला अर्धा तास लागला. बाहेरून तो कधीच दिसणार नाही.

मग बंपर उलथा करून बाहेरची बाजू. तीच चर, तीच पट्टी. फक्त जाळी नाही. त्यावर घासकाम. पोऱ्या पाणी घेऊन कागदावर कागद बदलत घासत होता. शेवटी लांबी. रंगाऱ्यांचा हा शब्द आता मराठीत मुरला आहे. आपला जुना शब्द लुकण. प्लॅस्टिकसाठी लवचीक लांबी निराळी मिळते. पत्र्यावरची साधी लांबी लावली, तर बंपर वाकताच तिला तडे जातात. या रस्त्यावर असेही गाळे आहेत की जिथे भेगेवर थेट लांबीच थापतात, वर रंग मारतात आणि पाच मिनिटांत गिऱ्हाइकाला आरशासारखा चकचकीत बंपर देतात. एकदा दगड लागला की आतली भेग जशीच्या तशी. पाहणाऱ्याला दोन्ही कामे सारखीच दिसतात. निकाल लागायला पहिला पावसाळा जावा लागतो.

पण गोष्ट अडली ती दुसऱ्याच ठिकाणी. पोऱ्या घासत असताना उस्ताद उठून मोटारीपाशी गेले आणि उघड्या पडलेल्या तोंडात वाकून पाहू लागले. बंपर, म्हणजे आपल्याला दिसतो तो, हा खरे तर बुरखाच असतो. धक्का खाण्याचे काम त्याच्यामागची आडवी पोलादी पट्टी करते. डाव्या अंगाला ती पट्टी आत चेपली होती आणि ज्या कण्यावर ती बसते तिथले तोंड चुरगळले होते.

"ये बदलना पडेगा," उस्ताद म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या चाचा," चालक म्हणाला. "आतलं कोन बघतंय? वरनं नीट दिसलं म्हंजे झालं."

"दिखने का काम मैं नहीं करता."

मी समजत होतो की हे घासाघिशीतले बोलणे आहे. तसे नव्हते. उस्तादांचे म्हणणे असे: पट्टी चेपलेली, तिच्यावर मी बंपर बसवला, तर माझा कान ताणावर राहील आणि तुटेल, ते एक. आणि दुसरे म्हणजे पुढचा धक्का घ्यायला तिथे काही उरले नाही. ती पट्टी एकदाच दुमडण्यासाठी असते. ठोकून सरळ केली तर दिसायला सरळ होईल, पण पुढल्या वेळी ज्या जागी दुमडायला हवी तिथे दुमडणार नाही. "पीछे सवारी बैठती है," ते म्हणाले, आणि पुन्हा जाऊन खाली बसले.

चालक चिडला. त्याचा राग मला समजत होता. हप्त्याची तारीख पाच, खिशात तेराशे मोजून आणलेले, सहाचे भाडे. त्याने मला पंच नेमले. "सर, तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? मी फक्त विचारले, पट्टी जुनी मिळते का. उस्तादांनी मानेनेच पुलाच्या बाजूचा गाळा दाखवला. तिथे अपघातात मागून फुटलेल्या मोटारींचे पुढचे भाग मिळतात. मोटार मागून गेली असली तर पुढची पट्टी साबूत असते.

चालक तणतणत गेला. पाऊण तास आला नाही. तो गाडीची किल्ली ठेवून गेला होता, नाहीतर मला वाटले असते की तो आता येतच नाही. उस्ताद त्या काळात अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी अस्तराचा फवारा मारला. फवारा मारताना त्यांनी तोंडाला रुमाल बांधला. हे मला पाहवत नाही. मोटारीच्या रंगात जो कडक करणारा घटक मिसळतात, त्यात आयसोसायनेट असते. श्वासावाटे ते घेत राहिलेल्या रंगाऱ्यांना दमा जडतो, हे वैद्यकाने नक्की केलेले आहे, आणि रुमालाने ते अडत नाही. त्याला बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. अस्तराचे काम त्यातल्या त्यात बरे, पण रंगही याच रुमालावर होतो. मी पूर्वी एकदा बोललो होतो. त्यांनी भिंतीवरचा एक मुखवटा दाखवला, धूळ खात लटकलेला. "इसमें गर्मी होती है, मास्टरजी." पोऱ्याला मात्र ते फवाऱ्याच्या वेळी रस्त्यापलीकडे चहा आणायला पाठवतात. चहा नको असला तरी पाठवतात.

चालक परतला तो खांद्यावर पोलादी पट्टी घेऊन. अकराशे रुपये; चारशे रोख, बाकी गावाकडच्या एका सोबत्याकडून फोनवर मागवून दिलेले. पट्टी त्याने धाडकन खाली टाकली. उस्तादांनी तिच्यावरून टोकापासून टोकापर्यंत बोटे फिरवली, एक डोळा मिटून दोरीत आहे का पाहिली, बोल्टांची भोके मोजली. "अच्छी है," म्हणाले. चेपलेले तोंड त्यांनी शेजारच्या पत्रेकाम करणाऱ्याला बोलावून ओढून घेतले; ते फार गेले नव्हते, नाहीतर गाडी त्या दिवशी तिथून हललीच नसती. पट्टी बसली. तिच्यावर बंपर आला. नव्या कानातून बोल्ट फिरला. खटके एकामागून एक टक् टक् बसत गेले. शेवटचा, डाव्या कोपऱ्याचा, बसला तेव्हा पोऱ्या हसला.

पावणेसहा झाले होते. रंग मारायला वेळ नव्हता. राखाडी अस्तराचाच पट्टा पांढऱ्या गाडीच्या तोंडावर राहिला. चालकाने ओठ चावत तेराशे काढले. उस्तादांनी नऊशे घेतले आणि चारशे परत दिले. "सोमवार को कलर के टाईम देना." त्याने पैसे घेतले, काही बोलला नाही. गाडीत बसला, पुन्हा उतरला, पुढे आला, गुडघा टेकवून त्याने डाव्या कोपऱ्यावर भार देऊन पाहिला. बंपर हलला नाही.

"सोमवारी येतो, चाचा," तो म्हणाला, आणि गाडी वळवून विमानतळाच्या बाजूला निघून गेला.

मिठीच्या बाजूने वारा सुटला होता. हीच नदी २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, या गाळ्यांत शिरली होती. टांगलेले बंपर त्या दिवशी तरंगत रस्त्यावर आले आणि पाणी ओसरल्यावर भलत्याच दुकानांतून सापडले, असे उस्ताद सांगतात. जड वस्तू सगळ्या बुडाल्या, मोटारी बुडाल्या. हे मात्र वर राहिले. आता भीती पाण्याची तेवढी नाही. रस्ता रुंद करायचा म्हणून अधूनमधून खुणा मारायला माणसे येतात. शिवाय नव्या मोटारींच्या बंपरमागे रडार बसू लागले आहे. पुढच्या वाहनाचे अंतर त्यातून मोजले जाते. त्याच्यासमोरच्या प्लॅस्टिकात जाळी घालून चालत नाही, लांबीचा आणि रंगाचा जाड थरही त्याला आंधळे करतो. असल्या गाड्या उस्ताद घेत नाहीत. "उसका अलग हिसाब है," एवढेच म्हणतात. महिन्याला अशा किती परत पाठवता, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी पोऱ्याकडे पाहिले. पोऱ्याने हाताची चार बोटे दाखवली. गेल्या वर्षी एकही नव्हती.

पोऱ्या खाली बसून दुपारच्या कापणीचे तुकडे निवडत होता. मेणबत्तीच्या वासाचे एका डब्यात, काळ्या धुराचे दुसऱ्यात. तेवढ्यात एका स्कूटरवाल्याने समोर गाडी लावली. तिच्या पुढच्या पाखाचा तुकडा त्याने रुमालात बांधून आणला होता. उस्तादांनी तुकडा हातात घेतला, नखाने टिचकी मारली आणि पोऱ्याला म्हणाले, "असिटोन निकाल."